आधी मत, मग कारणं

दर मार्चला मी एक कागद झेरॉक्सला देते. गोडदेव नाक्यावरचा दुकानदार बदलला, त्याचं मशीन तीनदा बदललं, कागद तोच आहे. एका वहीतून फाडलेली पानं, निळ्या शाईत लिहिलेला इंग्रजी निबंध आणि त्यावर माझे लाल शेरे. मूळ पानं केव्हाच हरवली. आता मी झेरॉक्सची झेरॉक्स काढते आणि त्यात निळं-लाल सगळं काळंच येतं. लिहिणारीचं कुठलं आणि तपासणारीचं कुठलं, हे नव्या मुलांना अक्षरावरून ओळखावं लागतं. वरच्या कोपऱ्यात मी ठळक लिहून ठेवलंय: 'असं लिहू नये.' नाव खोडलंय. दर्शनाचं नाव खोडण्याइतकी लाज मला पहिल्या वर्षीही होती, असं म्हणायचं.

परीक्षांचा हंगाम आणि मिठाचा हंगाम आमच्याकडे भाईंदरला एकदमच येतात. म्हणजे यायचे. आता खाडीच्या बाजूला एवढे टॉवर झालेत की मीठ कुठे पिकतं, अजून पिकतं का, हे विचारावं लागतं. पण दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मार्च उजाडला की दुपारचा वारा ओठांवर खारट लागायचा. मिठाचा ट्रक नाक्यावरून वळला की रस्त्यावर पांढरी रेघ उमटायची आणि चपलांखाली करकरायची. माझ्या क्लासच्या खिडकीतून, दोन इमारतींच्या मधल्या फटीतून, मिठाची एकच रास दिसायची. निबंध सुचला नाही की मुलं त्या राशीकडे बघत बसायची आणि मी त्यांच्यावर ओरडायचे. आज त्या फटीत कुणाच्या तरी बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे दिसतात. मुलं आता त्यांच्याकडे बघतात, आणि मी ओरडतेच.

मी मूळची नाशिकची. लग्न होऊन भाईंदरला आले आणि पश्चिमेच्या एका शाळेत इंग्रजी शिकवू लागले. ती नोकरी मी तोंडाच्या पायी घालवली. मुख्याध्यापकांना भर मीटिंगमध्ये जे सांगायचं ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. कारणं ऐकायला कोणी थांबलंच नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट मिरवायचे मी, की आपलं एक घाव दोन तुकडे. मग पूर्वेला, गोडदेवात, एका इमारतीच्या पहिल्या माळ्यावर खोली घेतली आणि क्लास काढला. सकाळी बारावीची मुलं. संध्याकाळी मोठी माणसं: बँकेच्या परीक्षा देणारे, कॉल सेंटरची वाट बघणारे, आणि त्या वर्षांत मिरा रोडच्या हॉस्पिटलांतल्या नर्स. नर्सना परदेशी जायचं तर इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागायची. ऐकणं, बोलणं, वाचणं निभायचं. गाडी अडायची ती लिहिण्यात. चाळीस मिनिटांत एका विषयावर आपलं मत मांडायचं. तुम्ही सहमत आहात की नाही, आणि का.

स्पेलिंग चुकायची, काळ चुकायचे, त्याचं मला काही नव्हतं. ते दुरुस्त होतं. माझं डोकं फिरायचं ते बांधणीने. विषय असायचा, मुलांच्या हातात मोबाइल द्यावा का, आणि निबंध सुरू व्हायचा आदिमानवापासून. मग चाकाचा शोध. मग विज्ञानाची प्रगती, मग आजचं धावपळीचं युग. मग मोबाइलचे फायदे, झाडून सगळे. मग तोटे, तेही झाडून सगळे. आणि शेवटी 'म्हणून आपण सर्वांनी मिळून' असा काहीतरी उपदेश, जो वाचून सरकारने, पालकांनी आणि मोबाइल कंपन्यांनी एकाच दिवशी सुधारायचं. यात लिहिणाऱ्याचं स्वतःचं मत कुठे? तांदळातल्या खड्यासारखं ते शोधावं लागायचं, आणि पुष्कळदा तांदूळ अगदी स्वच्छ निघायचा.

एक गुजराती मुलगा होता, वडिलांचं कापडाचं दुकान. तो दोन्ही बाजू अशा सांभाळायचा की कुठलंच गिऱ्हाईक नाराज होऊन पायरी उतरू नये. 'अरे, पण तुला काय वाटतं?' मी विचारलं. 'टीचर, जो आपको ठीक लगे,' तो म्हणाला, आणि पेन उघडून लिहायला तयार होऊन बसला. जुन्या भाईंदरातली एक कोळ्यांची मुलगी होती. विषय कुठलाही असो, तिचा निबंध तिच्या मामाच्या होडीपासून निघायचा. 'मामाची होडी इथे कशाला आली?' मी वहीवर पेन आपटत विचारलं. 'मामाचं सांगितल्याबिगर मी असं का बोलते ते कळायचं न्हाय ना, मॅडम,' ती म्हणाली. मी होडी खोडली. पुढच्या निबंधात ती पुन्हा आली.

म्हणून मी फळ्यावर चौकट काढायला लागले. चार खण. पहिल्या खणात मत. दुसऱ्यात एक कारण, तिसऱ्यात दुसरं. चौथ्या खणात विरुद्ध बाजूला एका वाक्यात नमस्कार करून वाटेला लावायचं आणि आपलं मत पुन्हा एकदा सांगून पेन ठेवायचं. 'आधी मत, मग कारणं,' हे मी त्यांच्याकडून पाढ्यासारखं म्हणवून घ्यायचे. 'परीक्षक तुमचा काका नाही,' मी सांगायचे, 'त्याला बस म्हणायचं नाही, चहा विचारायचा नाही. दार उघडलं की काम सांगायचं.' मुलं हसायची. आणि पासही व्हायची, हे सांगायलाच हवं. नाहीतर गोष्ट फार सोपी होईल.

दर्शना आली ती अशाच एका मार्चमध्ये. तिला घेऊन आली तिची मैत्रीण ब्लेसी. दोघी एकाच वॉर्डात काम करायच्या. ब्लेसी केरळची, तिची परीक्षा झाली होती आणि ती मेमध्ये इंग्लंडला निघणार होती. दर्शनाचं गाव रत्नागिरीकडे, पण जन्म गोडदेवातला. सव्विशीची असेल. युनिफॉर्मवरून ओढणी घेतलेली, पायांत हॉस्पिटलच्या पांढऱ्या चपला. वडील स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करायचे. 'बाबांचे हात बघाल ना मॅडम, साबण संपतो पण काळं नाही जात,' ती म्हणाली. मग वॉर्डातल्या म्हाताऱ्यांबद्दल बोलली, गावच्या घराच्या कौलांबद्दल बोलली, धाकट्या भावाच्या आयटीआयबद्दल बोलली. मी घड्याळाकडे बघितलं तेव्हा कुठे म्हणाली, 'म्हणजे, मला पण जायचंय. ब्लेसीच्या मागोमाग.' हिचा निबंध कसा असणार ते मला तिथेच कळलं.

पहिल्याच आठवड्यात मी विषय दिला: तरुणांनी कामासाठी देश सोडावा का? तिने चार पानं लिहिली. शब्द इंग्रजी होते, चाल घरची होती. निबंध तिच्या बाबांच्या हातांपासून सुरू झाला. सोळाव्या वर्षी ते गाव सोडून भाईंदरला आले, तेव्हा आजोबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. 'पावसाळा सरू दे' एवढंच म्हणाले, आणि पावसाळा सरल्यावर स्वतः एसटीवर सोडायला आले. मग मिठागरात हंगामापुरते बाहेरून येणारे मजूर आले, ज्यांना कोणी कधी विचारलं नाही की घर सोडण्याशी तुम्ही सहमत आहात का. मग वॉर्डातले एक आजोबा. त्यांचा मुलगा परदेशातून दर रविवारी फोन करायचा आणि दर्शना रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरून उभी राहायची. आजोबांना ऐकू येत नव्हतं, पण ते मान डोलवायचे. मग आई. आणि चौथ्या पानाच्या तळाशी, शेवटच्या ओळीत, एकदाचं मत आलं. त्याखाली मी दोन लाल रेघा ओढल्या आणि लिहिलं: 'हे फार उशिरा. आधी हवं होतं.'

मी तो निबंध तेव्हा वाचला नव्हता. तपासला होता. त्याच संध्याकाळी ती पानं तिच्या वहीतून काढून घेतली आणि म्हटलं, बाकीच्यांना दाखवायला उपयोगी पडतील. ती नको म्हणाली नाही. 'नाव नका सांगू फक्त, मॅडम,' एवढंच म्हणाली.

एप्रिल उजाडेपर्यंत तिने चौकट शिकून घेतली. हुशार होती. ड्युटी संपवून यायची, घामाने डबडबलेली, डब्यातली उरलेली पोळी जिन्यात उभ्यानेच खायची आणि लिहायला बसायची. त्या उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड यायचं, वेळेचा भरवसा नाही. चाळीस मिनिटांचा निबंध चालू असताना खालून कोणी 'पाणी आलं' म्हणून हाक मारली की निम्मा क्लास मतं अर्धवट टाकून पळायचा. दर्शनाही पळायची आणि भिजलेल्या मनगटांनी परत येऊन उरलेलं पुरं करायची. पहिल्यांदा जेव्हा तिने पहिल्या ओळीत 'मी याच्याशी पूर्णपणे सहमत आहे' असं लिहिलं, तेव्हा पेन खाली ठेवून हसायला लागली. 'मॅडम, असं वाटतंय कुणाच्या घरात चपला घालून शिरले.' 'शीर,' मी म्हणाले, 'ते लोक चपला घालूनच बसतात.' सगळा क्लास हसला. माझ्या असल्या वाक्यांवर क्लास चालायचा.

मग तो दिवस. परीक्षा जूनमध्ये होती आणि फॉर्मला पासपोर्ट लागणार होता. पासपोर्ट तिने हॉस्पिटलातल्या सगळ्यांबरोबर कधीतरी काढून ठेवला होता, पण तो होता बाबांच्या कपाटात. 'घरी सांगितलंयस ना?' मी सहज विचारलं. 'अजून नाही, मॅडम.' 'अजून नाही म्हणजे?' तेव्हा तिने मला सगळं समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, औषधाच्या वेळा सांगाव्यात तसं.

'बाबा फक्त आत्याचं ऐकतात. मे महिन्यात आम्ही गावी जाऊ. आत्याबरोबर मी फणस कापायला बसेन तेव्हा ब्लेसीचं सांगेन. माझं नाही, ब्लेसीचं. आत्या बोलेल, अगो, एकटी पोर कशी राहील तिकडे? मग मी सांगेन, होस्टेल असतं, आपल्याकडच्या मुली असतात. दोनेक दिवसांनी आत्याच विचारील, तुला नाही का जायचं?'

'आणि तू काय सांगणार?'

'काही नाही. हसेन नुसती. मग आत्या बाबांच्या कानावर घालेल. बाबा दोन दिवस ओटीवर गप्प बसतील. आणि मग मलाच हाक मारून बोलतील, तू का जाऊन येत नाहीस दोन वर्षं?'

'म्हणजे तुझ्या मनातली गोष्ट ते तुला सांगणार!'

'हो. तेव्हा मी हो बोलेन.'

मी मोठ्याने हसले. आज ते हसू आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा मी मनापासून हसले. 'बघा, बघा,' मी क्लासला म्हणाले, 'हा हिचा निबंध!' आणि फळ्यावर लिहीत गेले: फणस, ब्लेसी, आत्या, ओटी. पुढे भलामोठा बाण काढला आणि शेवटी लिहिलं, मत. क्लास हसत होता. दर्शनाही हसत होती, तोंडावर ओढणी धरून. 'तू सव्वीस वर्षांची आहेस,' मी म्हणाले. 'कमावतेस. लोकांच्या शिरांत सुया घालतेस. आणि आपल्या बापाला एक वाक्य सांगायला तुला फणस लागतो? ते काही नाही. चार खण आहेत. आज घरी जा आणि पहिल्या खणात सांग.'

ती गेली आणि तिने सांगितलं. माझी सगळ्यांत आज्ञाधारक विद्यार्थिनी.

दुसऱ्या दिवशी ती क्लासच्या वेळेआधी आली आणि बसली नाही. उभ्यानेच सांगू लागली: आदल्या रात्री बाबा कामावरून आले होते, मोरीत हात धुवत होते. ती मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, 'बाबा, मला इंग्लंडला जायचंय. दोन कारणं आहेत.' नळाखालचे हात तसेच राहिले. पाणी एक दिवसाआडचं, आणि त्यांनी नळ बंद केला नाही. तिने पहिलं कारण सांगितलं. दुसरं सांगितलं. विरुद्ध बाजूही मांडली, की तुम्हाला काळजी वाटेल हे मला मान्य आहे, पण. आणि शेवटी मत पुन्हा सांगितलं. चारही खण पुरे झाले तेव्हा त्यांनी नळ बंद केला, पंच्याला हात पुसले, त्या पंच्याला काळं लागलं, आणि विचारलं, 'तू सांगायला आलीस काय विचारायला?'

'मग तू काय म्हणालीस?' मी विचारलं.

'मला काही बोलताच आलं नाही, मॅडम. त्याचा खणच नव्हता.'

बाबा चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कपाट उघडलं, पासपोर्ट काढला आणि तिच्या पर्सवर नेऊन ठेवला. 'घे. ठरलंयच तर,' म्हणाले आणि जेवायला बसले. त्यानंतर त्या विषयावर ते एक अक्षर बोलले नाहीत. हळूहळू बाकीच्याही विषयांवर बोलेनासे झाले. डबा घेऊन जायचे, डबा घेऊन यायचे. 'येतील ताळ्यावर,' मी दर्शनाला म्हणाले. 'तू आपलं मत मांडलंस, त्यांना वेळ दे.' मला खरंच वाटत होतं की हा विजय आहे. पासपोर्ट मिळाला होता ना!

मेमध्ये ब्लेसी गेली. मेमध्येच दर्शना चार दिवस गावी जाऊन आली. आत्याला सगळं फोनवर आधीच कळलं होतं. फणस होता, विळी होती, पण आत्या तिच्याकडे न बघता गरे काढत राहिली आणि म्हणाली, 'बाय, माझ्या कानावर आधी घातलं असतंस तर मी त्याच्या गळी उतरवलं असतं. आता मी काय बोलू? तू त्याला निकाल सांगून मोकळी झालीस. निकाल लागल्यावर कोण कोणाला विचारतंय?' दर्शनाने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या बोटांना फणसाचा चीक अजून होता. नखांच्या कडेने काळा झाला होता.

जूनमध्ये तिने परीक्षा दिली. लिहिण्यात नवापैकी सात आले. ब्लेसीला साडेसहा होते. माझ्या क्लासमध्ये तोवर कुणालाच सात आले नव्हते. मी आनंदाने वेडी झाले आणि क्लासच्या खिडकीखाली बोर्ड लावला, तिचं नाव आणि तो सात, नाक्यावरून दिसेल एवढा. तिचे बाबा रोज त्याच रस्त्याने गाळ्यावर जायचे. ते वर बघतात का, हे मी खिडकीतून बघायचं टाळलं.

आणि ती गेली नाही. तिकडच्या हॉस्पिटलचं पत्र आलं, निघायची तारीख आली, ब्लेसीचे फोन आले. मी तिला तावातावाने विचारलं, 'त्यांनी पासपोर्ट दिलाय, नाही म्हटलेलं नाही, मग तुला अडवलंय कोणी?' तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, 'नाही बोलले असते तर भांडले असते, मॅडम. हो बोलले असते तर गेले असते. ते काहीच बोलत नाहीत. अशी कशी जाऊ?' मी कपाळाला हात लावला. त्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. दोन वर्षं तो तिच्या कपाटात पडून राहिला, आणि मग चालेनासा झाला.

पुढे बऱ्याच वर्षांनी ती मला भाईंदर पश्चिमेच्या बाजारात भेटली. वालाच्या शेंगा निवडून घेत होती. केस पिकायला लागले होते. त्याच हॉस्पिटलात मोठ्या हुद्द्यावर पोचली होती. बाबा आदल्या वर्षी गेले, असं तिने सांगितलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. शेंगा पिशवीत घालता घालता ती म्हणाली, 'आत्या दिवसांना आलेली तेव्हा बोलली. बाबा म्हणे वाट बघत होते, मी परत विचारीन म्हणून. नीट विचारीन म्हणून. दोन वर्षं.' आणि मग, मान वर न करता, अगदी सहज, 'माझं नाव अजून आहे का हो बोर्डवर?' पावसाने कधीच पुसलं, मी सांगितलं. खरं तर पुढच्या वर्षी कुणाला तरी साडेसात आले म्हणून मीच बदललं होतं. तिने मला कधी दोष दिला नाही. ती माझ्या दोषापर्यंत येईल आणि मग मी बोलेन, अशा अपेक्षेने मी त्या बाजारात उभी होते, आणि ती आलीच नाही. मी शेंगा न घेताच घरी आले.

तेव्हापासून मी त्या लांबच्या वाटेचा विचार करते. मला तो घाबरटपणा वाटायचा. मतं नसलेल्या, असली तरी लपवणाऱ्या माणसांचा घोळ. पण ती वाट लांब होती कारण वाटेत माणसं होती. आत्याला तिचा वाटा द्यायचा होता, बाबांना त्यांचा. दोन दिवस ओटीवर बसायचा हक्क बाबांचा होता, आणि मी तो फळ्यावर बाण काढून खोडला. मिठागरात भरतीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असं दिवसच्या दिवस फिरवत नेतात, तेव्हा शेवटच्या वाफ्यात मीठ बसतं. पहिल्याच वाफ्यात हात घातला तर नुसतं पाणी येतं. त्या मिठाची रास मी खिडकीतून वर्षानुवर्षं बघत होते, मुलांवर ओरडत.

कुणी म्हणेल, मग चौकट शिकवणं सोडून द्या. कशी सोडू? परीक्षकाला तीच वाट कळते. दुसरी शिकवली तर मुलं नापास होतात, आणि त्यांच्या घरी कुणी तरी त्यांच्या पास होण्यावर आशा लावून बसलेलं असतं. चौकट परीक्षेच्या हॉलपुरती आहे, घरी नेऊ नका, असं मी आता म्हणते. मुलं मान हलवतात. पण जी गोष्ट रोज चाळीस मिनिटं हाताला वळण लावते ती हॉलच्या दाराशी चपलेसारखी काढून ठेवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. मला सोडवणूक दिसत नाही. दर मार्चला वाटतं, यंदा तो कागद वाटायचा नाही, आणि दर मार्चला मी झेरॉक्सच्या रांगेत उभी असते. त्याहून चांगला चुकीचा नमुना मला दुसरा मिळालेला नाही.

परवाही वाटला. नवा वर्ग, सगळ्यांच्या बाकांवर मोबाइल पालथे ठेवलेले. नेहमीप्रमाणे सांगितलं, यात मत कुठे आहे ते शोधा आणि ते कुठे असायला हवं होतं ते लिहा. हे काम दोन मिनिटांचं आहे. मुलं पहिलं पान बघतात, थेट शेवटचं बघतात, खूण करतात आणि पेन ठेवतात. इतक्या वर्षांत मधली पानं कोणी वाचली नाहीत. पुढच्या बाकावरची अंकिता मात्र वाचत राहिली. एक पान, दुसरं, तिसरं. मी तिला हटकणार होते. तेवढ्यात तिने चौथ्या पानावरची शेवटची ओळ मोठ्याने, आधी इंग्रजीत आणि मग आपल्याशीच मराठीत, म्हणून बघितली: 'म्हणून माझं मत असं आहे की, ज्याला जायचंय त्याने जरूर जावं, पण मागे राहणाऱ्यांचं बोलून झाल्यावर आपण बोलावं.' त्याखाली तेवढ्याच काळ्या अक्षरात माझं वाक्य होतं. तेही तिने वाचलं: 'हे फार उशिरा.' अंकिताला वाटलं असावं, तेही निबंध लिहिणारीनेच लिहिलंय. तिने मान वर केली.

'मॅडम, मग ही गेली का?'

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

'नाही गेली,' मी म्हणाले.

मत पहिल्या खणात आलं होतं. आता मुलं थांबली. मीच त्यांना सवय लावली होती, की मतामागून कारणं येतात, निदान दोन. मी खडू उचलला आणि फळ्याकडे वळले. माझ्याजवळ एकच होतं. ते त्यांच्या तोंडावर सांगायचं मला धैर्य झालं नाही, म्हणून फळ्याकडे बघतच सांगितलं.

'कारण मी तिला घाई केली.'

मागे पेनांचा आवाज आला. मुलं ते उतरवून घेत होती.